कोकण किनाऱ्यावरील घर थंड व कोरडे ठेवण्याचा प्रश्न

प्रस्तावना :
शेणवा, शहापूर, मुरबाड हा ठाणे जिल्ह्याचा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी असून समुद्रापासून दूर आहे. तरीही आपल्या महाविद्यालयीन शिक्षकवर्गातील अनेकांची मूळ घरे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा पालघरच्या किनाऱ्यावर आहेत. काहींनी निवृत्तीनंतरच्या वास्तव्यासाठी तेथे नवीन बांधकामही हाती घेतले आहे. अशा वेळी येथील उन्हाळ्याचा अनुभव जसाच्या तसा किनाऱ्यावर लागू केला जातो आणि तेथेच चूक होते. किनाऱ्यावरील उकाड्याचे स्वरूप मुळातच वेगळे असल्याने त्यावरील उपायही वेगळे ठरतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उष्णता आणि आर्द्रता :
मानवी शरीर प्रामुख्याने घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. हवेत बाष्प जितके अधिक, तितके हे बाष्पीभवन मंद. म्हणून केवळ तापमापकावरील आकडा पाहून उकाड्याची कल्पना येत नाही. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी कमाल तापमानाची किमान मर्यादा ४० अंश सेल्सिअस, तर किनारी प्रदेशासाठी ३७ अंश मानतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सार्वजनिक समारंभानंतर दहाहून अधिक व्यक्ती उष्माघाताने मृत्युमुखी पडल्या, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. वृद्ध आईवडील ज्या घरात एकटे राहतात, त्या घराच्या संदर्भात ही बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे.

पाण्याच्या कूलरचे उदाहरण घेऊ. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळले असता तो जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली कूलर हवा नेऊ शकत नाही. ४० अंश तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असता हे तापमान सुमारे २३ अंश येते. म्हणजे कूलरला बराच वाव असतो. ३४ अंश व ७० टक्के आर्द्रता असता मात्र ते सुमारे २९ अंश येते. प्रत्यक्षात कूलर तेथपर्यंतही पोहोचत नाही, शिवाय खोलीत आणखी बाष्प सोडतो. विदर्भात उपकारक ठरणारे हे यंत्र किनाऱ्यावर बहुधा निरुपयोगी ठरते, त्याचे कारण हे आहे. किनाऱ्यावर खरी गरज आहे ती अंगावरून हवा वाहण्याची आणि भिंती व छप्पर तापू न देण्याची.

पश्चिम दिशेचा पेच :
कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेस आहे. दिवसा जमीन लवकर तापते व समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री याउलट जमिनीकडून मतलई वारे वाहतात. म्हणजे दुपारचा सुखद वारा पश्चिमेकडून येतो. परंतु दुपारनंतरचे तिरपे, तापदायक ऊनही पश्चिमेकडूनच येते आणि जून ते सप्टेंबर या काळातील पावसाचा माराही प्रामुख्याने त्याच बाजूने होतो. वारा हवा, पण ऊन व पाऊस नको, असा हा पेच आहे.

जुन्या कोकणी घराने तो पडवीच्या साहाय्याने सोडवलेला दिसतो. उतरत्या कौलांची पागोळी इतकी खाली आणलेली असते की वाकूनच आत शिरावे लागते. ऊन पडवीच्या जमिनीवर अडते, पाऊस अंगणात पडतो आणि वारा मात्र खालून सरळ ओटीवर व पुढे माजघरात जातो. मागीलदार उघडे असेल तर तो आरपार निघून जातो. कौलांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा बाहेर पडते आणि माळ्यामुळे छपराची धग खाली पोहोचत नाही. उन्हाळ्यात अंगणात झावळ्यांचा मांडव घातला की आत येणारा वारा सावलीवरून येतो.

आज समुद्रदर्शनासाठी नेमकी हीच पश्चिम बाजू संपूर्ण काचेची केली जाते. सरकत्या काचांच्या खिडकीचा निम्मा भाग कायम बंदच राहतो, ऊन मात्र पूर्ण आत येते. नंतर जाड पडदे लावावे लागतात आणि ज्यासाठी काच बसवली ते दृश्यही दिसेनासे होते! प्रस्तुत लेखकाच्या मते नवीन घरात पैसा खर्च करण्याची पहिली जागा वातानुकूलन यंत्र नसून पश्चिमेची खोल पडवी ही आहे.

छपराबाबत मात्र जुन्याचा आग्रह धरता येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कौले व पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले. त्यानंतर लोकांचा कल स्लॅबकडे वळला तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो व ती रात्री खोलीत सोडतो. त्यावर काही अंतर ठेवून भक्कम बांधणीचे कौलारू छप्पर घातले व मधली पोकळी दोन्ही टोकांना खुली ठेवली, तर ऊन वरच्या छपरावर अडते. ते परवडत नसल्यास स्लॅबला दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा रंग द्यावा.

यंत्रांचा वापर :
पंखा खोली थंड करीत नाही, माणसाला थंड करतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणे व्यर्थ होय. वातानुकूलन यंत्र घ्यायचेच असेल तर खोलीच्या मानाने मोठे घेऊ नये. मोठे यंत्र हवा झटपट थंड करून थांबते आणि बाष्प काढून टाकण्यास त्याला अवधीच मिळत नाही. परिणामी खोली गार पण दमट राहते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले आहे. सोबत पंखा चालू ठेवल्यास २६-२७ अंशही पुरतात.

खाऱ्या हवेमुळे यंत्राच्या बाहेरील भागातील तांबे व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावर गंज चढतो. म्हणून तो भाग समुद्राच्या बाजूस न लावता घराच्या आडोशाला लावावा, संरक्षक लेप दिलेला घ्यावा आणि वीज बंद करून अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास धुण्याचा उपयोग होत नाही.

ऊब नव्हे, कोरडेपणा :
किनाऱ्यावर हिवाळ्यात घर तापवण्याची गरज सहसा भासत नाही. गरज असते ती पावसाळ्यात ओल घालवण्याची. पूर्वी चुलीच्या धुराने वासे कोरडे राहत व त्यांना कीड कमी लागे. अर्थात त्याची किंमत स्त्रियांच्या डोळ्यांनी व फुप्फुसांनी मोजली, म्हणून चुलीकडे परत जाण्याचे कारण नाही. परंतु धूर गेला आणि त्याच वेळी घरेही बंद राहू लागली. गणपतीला कुलूप उघडावे तर गाद्यांना बुरशी, कपाटांना वास, असा अनुभव अनेकांना येतो. बंद घरात हवा खेळावी यासाठी भिंतीत वरच्या बाजूस जाळीचे झरोके ठेवावेत, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि पावसाने उघडीप दिली की दारे-खिडक्या उघडण्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन ठेवावी. बाहेर संततधार असताना खिडक्या उघडल्यास मात्र दमट हवाच आत येते. अशा वेळी, घरात कोणी राहत असल्यास, वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’ या स्थितीत तासभर चालवणे अधिक उपयुक्त ठरते.