सगळ्या घराचा मोबाईल बंद

वडखळ नाक्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तिथं, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पेणला कॉलेजला जाणारी मुलं येता-जाता थांबतात. तक्रार बहुतेक एकच, ‘दादा, बॅटरी टिकत नाही.’ बॅटरी बदलण्याआधी मी सेटिंगमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडून मोबाईल त्यांच्याच हातात देतो. कुठलं ॲप किती तास चाललं, दिवसात मोबाईल किती वेळा उघडला, सगळं तिथं दिसतं. एका मुलीचं इन्स्टाग्राम पाच तासांच्या वर होतं. ती आपणहून बोलली. रात्री रील टाकलं की लाईक बघत जागी राहते. मैत्रिणीपेक्षा कमी आले तर सकाळी कॉलेजला जावंसं वाटत नाही. बारावीतली हुशार पोर. मला फार वाईट वाटलं.

दोष तिचा एकटीचा नाही. बोटाने सरकवत राहिलं तरी रील संपत नाहीत. ती रचनाच तशी आहे. 2021 साली इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीचे आतले कागद बाहेर आणले. इन्स्टाग्राममुळे काही मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल अधिकच वाईट वाटतं, हे कंपनीच्याच पाहणीत निघालं होतं. मुळात उदास असलेलं मूल मोबाईलकडे जास्त वळतं, हेही खरं. पण रात्रीची झोप जाते, आणि झोप गेली की चिडचिड, रडू, अभ्यासात लक्ष नसणं पाठोपाठ येतं.

आईवडील येतात आणि म्हणतात, ‘लॉक टाकून द्या.’ टाकतो. पोरगं मित्राच्या मोबाईलवर दुसरं खातं काढतं. हिसकावून घेणं मला पटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. सुरुवातीला लोक हसले, नंतर मुलं वह्या-पुस्तकं घेऊन बसू लागली. तिथं मोठ्यांनीही मोबाईल ठेवला, म्हणून ते जमलं.

आपल्या घरी भोंगा नको. रात्री सगळ्यांचे मोबाईल, बाबांचासुद्धा, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. आणि मूल गप्प झालं, जेवेनासं झालं, तर ‘टेली मानस’ला 14416 वर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.