शीरखुर्मा

ईदच्या दिवशी जळगाव-धुळ्याकडच्या मुस्लिम घरांत पाहुण्याच्या हाती पहिली वाटी पडते ती शीरखुर्म्याची. तुम्ही लहानपणापासून तो पीत आला आहात; पण त्याच्या नावाचा अर्थ कोणी विचारला, तर सांगता येईल का? फारसीत ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. उर्दूतला ‘शीरख्वार’ हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. शीरख्वार म्हणजे दूधपिते मूल. त्यातला शीर तो हाच. मराठीत पुष्कळ जण ‘शिरकुर्मा’ असे लिहितात. कुर्मा हा तर मसालेदार रश्श्याचा पदार्थ! म्हणून मराठीत लिहितानाही ‘शीरखुर्मा’ असेच लिहावे.

हदीसमध्ये उल्लेख आहे, की ईद-उल-फित्रच्या सकाळी पैगंबर (स.) नमाजला निघण्यापूर्वी विषम संख्येने खजूर खात. महिनाभर दिवसा अन्नपाणी वर्ज्य होते, आज ते सकाळीच घ्यायचे. रोजे संपल्याची ही खूण. आपल्याकडे हाच खजूर सुकून खारीक झाला आणि दूध, शेवया व चारोळी यांच्या सोबतीने वाटीत आला. शेवया तर खानदेशात घरोघरी होतात. उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातलेल्या शेवया पाहून ते घर कोणत्या धर्माचे आहे, हे सांगता येत नाही.

जगात इतरत्रही सणासमारंभाची पेये आहेत. ज्या बियांपासून चॉकलेट बनते, त्या काकाओच्या बिया मेक्सिको व ग्वाटेमालाकडचे माया लोक वाटून पाण्यात कालवत. त्यांत मिरची व मक्याचे पीठ घालत आणि उंचावरून ओतून फेस आणत. लग्नात व धार्मिक विधींत हे कडू पेय दिले जाई. पुढे अ‍ॅझ्टेक राज्यात मात्र ते मुख्यतः सरदार, योद्धे आणि व्यापारी यांच्याच वाट्याला येई.

शीरखुर्म्याचे तसे नाही. ईदच्या नमाजपूर्वी फित्रा द्यावा लागतो तो याचसाठी, की त्या दिवशी गरिबाचीही चूल पेटावी. फित्रा उशिरा पोचला, तर त्या घरी दूध केव्हा येणार आणि खारीक केव्हा भिजणार? म्हणून तो दोन-चार दिवस आधीच दिलेला बरा.

आता कृती पाहू. मुलांनीही ती शिकावी. चाँदरातीला आईला दहा कामे असतात. एक लिटर दूध, आठ-दहा खारका, दोन मुठी बारीक शेवया, दोन चमचे चारोळी, थोडे बदाम-पिस्ते, दोन चमचे तूप, चार वेलदोडे आणि चार-पाच चमचे साखर घ्यावी. बदाम-पिस्ते महाग आहेत. ते नसले तरी चालते. खारीक मात्र हवीच, नाहीतर ती नुसती शेवयांची खीर होईल.

चंद्र दिसल्याची खात्री झाल्यावरच खारका भिजत घालाव्यात. सकाळी बिया काढून लांब चिराव्यात. चारोळी कोमट पाण्यात भिजवून, चोळून तिची साले काढावीत. तुपात आधी मेवा व खारीक परतून घ्यावी, मग त्याच तुपात शेवया तांबूस होईपर्यंत परताव्यात. आच मंद ठेवावी, शेवया क्षणात करपतात. दूध थोडे आटले, की त्यात मेवा व खारीक घालून दहा मिनिटे उकळावे. नंतर साखर आणि शेवटी शेवया व वेलदोड्याची पूड घालावी. तीन-चार मिनिटांत उतरवावे. गार झाल्यावर शीरखुर्मा दाटतो. मग थोडे गरम दूध मिसळावे.

दुधातून प्रथिने व कॅल्शियम मिळते, खारकेतून तंतू आणि लवकर अंगी लागणारी शक्ती. पण महिनाभराच्या सवयीनंतर सकाळीच चार वाट्या पिणे पोटाला झेपत नाही. खारकेच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. म्हणून वरची साखर बेतानेच घालावी. घरात मधुमेहाचे कोणी असेल, तर त्यांच्यासाठी साखर घालण्यापूर्वीच वेगळे काढावे आणि तेही अर्धी वाटीच द्यावे.

ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते, म्हणून ती सर्व ऋतूंतून फिरते. 2022 मध्ये ती 3 मे रोजी आली आणि त्याच दिवशी खानदेशची लाडकी आखाजी होती. एका घरी आमरस-पुरणपोळी, शेजारी शीरखुर्मा! अशा कडक उन्हाळ्यात दूध लवकर नासते. शेजाऱ्यांकडे डबा पाठवायचा असेल, तर तो सकाळीच पाठवावा आणि उरलेला शीरखुर्मा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल, तर बेताचाच करावा.