चॅलेंज संपलं आणि दोन किलो परत आले? ती चरबी नाही!

३० दिवसांचं चॅलेंज संपतं, घरी पुरणपोळीचा बेत होतो आणि दोन दिवसांत काटा दोन किलो वर. सगळी मेहनत पाण्यात गेली? उलट, पाणीच परत आलंय. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की आधी हेच पाणी उतरतं. (स्टेटसला टाकलेला तो पहिल्या आठवड्याचा आकडा आठवतोय?) दोन किलो चरबी वाढायला साधारण १५ हजार कॅलरी जास्तीच्या लागतात, दोन दिवसांत एवढ्या पोळ्या कुणी खात नाही. त्यामुळे घाबरून जेवण आणखी तोडू नका. टेप घ्या, कंबर मोजा. भारतीय पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.