उजवी मार्गिका कोणाची?

बोरगाव-सौंसर परिसरातील अत्यवस्थ रुग्णाची वाट बहुधा नागपूरकडे जाते. सावनेरपुढे रस्ता चौपदरी असल्याने रुग्णवाहिकेने तेथे वेग घ्यावा, ही अपेक्षा. परंतु एक ट्रक उजवी मार्गिका धरून संथ चाललेला असतो आणि डावीकडे त्याच्याच गतीने दुसरा! अशा वेळी सायरनचा आक्रोश व्यर्थ ठरतो. वैद्यक म्हणून मला ही केवळ बेशिस्त वाटत नाही. हा उपचारातील अडथळा आहे.

उजवी मार्गिका पुढे जाण्यासाठी असते. पुढे गेल्यावर डावीकडे परतावे, हा साधा नियम. तो मोडला की मागचा चालक डावीकडून घुसतो आणि अपघातास निमंत्रण मिळते.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून मधली मार्गिका विनाकारण अडविणाऱ्यास १०० पौंड दंड व परवान्यावर तीन दोषांक देता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये मार्गिकेची शिस्त मोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे कार्यान्वित झाले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेनुसार रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला, आपल्या 'गोल्डन अवर'ला, त्याच सुधारणेने कायद्यात स्थान दिले.

दंड हे कडू औषध खरे; पण मात्रा नियमित पडली तरच गुण येतो. तोवर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक वाहनचालकास, रक्तदाब तपासताना, आपण एवढे सांगू या : बाबा रे, उजवी बाजू मोकळी ठेव, मागे कोणाचा तरी श्वास अडकलेला असतो.