ऐंशी एकरांवरचा पाऊस

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ या चित्रपटात फ्युरिओसा एका अजस्र ट्रकमागे इंधनाची टाकी ओढत वाळवंटात निघते. खिंडीतून वाट द्या, त्या बदल्यात ही टाकी घ्या, असा तिथल्या टोळीशी तिचा सौदा ठरलेला असतो. टाकीत तीन हजार गॅलन पेट्रोल. अमेरिकी गॅलन धरले, तर ११,३५६ लिटर. एवढ्यासाठी कड्यांवरून मोटारसायकली झेपावतात, गाड्या पेटतात, माणसं मरतात.

हा आकडा हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव किंवा औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात कुणालाही सांगा. उत्तर एकच येईल : एक टँकर. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा-बारा हजार लिटरचा. चालक तो विहिरीच्या कठड्याशी मागे घेतो, जाड नळी आत सोडतो, व्हॉल्व्ह फिरवतो. पाणी खाली दगडांवर आदळतं, तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि थोड्या वेळात टाकी रिकामी. लॉगबुकावर गावातल्या कुणाची तरी सही होते, टँकर पुढच्या खेपेला निघतो. मग कठड्याभोवती दोर, घागरी, हंडे. टंचाईत माणशी दिवसाला २० लिटर हा सरकारी निकष. त्या हिशोबानं फ्युरिओसाच्या टाकीत पाणी भरलं, तर ५६७ माणसांचा एक दिवस निघतो. म्हणजे एखादी वाडी आणि तिच्या शेजारचा तांडा.

‘मॅड मॅक्स’ची ही मालिका आता पुन्हा ओळीनं पाहताना मला तिच्यातल्या गाड्यांपेक्षा टाक्याच जास्त दिसत राहिल्या. १९७९ चा पहिला भाग जॉर्ज मिलरनं काढला तो साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये. मिलर पेशानं डॉक्टर, सिडनीच्या रुग्णालयात अपघातांचे रुग्ण तपासणारा. चित्रपटानं जगभरात दहा कोटी अमेरिकी डॉलरहून अधिक कमावले आणि खर्चाच्या मानानं सर्वाधिक नफ्याचा विक्रम १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’पर्यंत त्याच्या नावावर राहिला. कथेमागे १९७३ चं तेलसंकट होतं. अरब देशांनी पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोलपंपांवरच्या रांगांत साधीसुधी माणसं एकमेकांच्या अंगावर कशी धावून जातात, हे सहलेखक जेम्स मॅककॉसलंडनं पाहिलं होतं.

पहिल्या भागात जग अजून बुडालेलं नाही. पोलीस आहेत, समुद्रावरची सुट्टी आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात मात्र सगळी झुंज पेट्रोलच्या एका टँकरसाठी, आणि शेवटी तो उलटतो तेव्हा आतून वाळू सांडते. खरं पेट्रोल पिंपांत भरून दुसऱ्याच वाटेनं निघून गेलेलं असतं. १९८५ च्या तिसऱ्या भागात पेट्रोलही संपलंय. डुकरांच्या लेंडातून निघणाऱ्या वायूवर अख्खं गाव चालतं आणि त्या गावाच्या वेशीवर एक जण पाणी विकत असतो. नायक मॅक्स त्या पाण्याजवळ किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतो. ते कडकड वाजू लागतं. तीस वर्षांनी, २०१५ च्या ‘फ्युरी रोड’मध्ये, मिलर थेट पाण्यापाशी येतो : तिथला राजा पाण्यावरच पहारा बसवतो. पेट्रोल, शेणाचा वायू, पाणी : माणसाच्या गरजांची उतरंड एका दिग्दर्शकानं अशी पायरी-पायरीनं खाली आणली, याचं मला फार मोल वाटतं.

‘फ्युरी रोड’चे आकडे डोळे फिरवणारे आहेत. पटकथेऐवजी आधी साडेतीन हजारांवर चित्रचौकटी काढल्या गेल्या. दीडशेच्या वर गाड्या बांधल्या गेल्या. चित्रीकरण जमलं ४८० तासांचं. झोप न घेता, जेवायला न उठता पाहायचं म्हटलं, तर वीस दिवस. संकलक मार्गारेट सिक्सेलनं त्यातून दोन तास उचलले, म्हणजे दर २४० मिनिटांतलं एक मिनिट ठेवलं. त्या दोन तासांत सुमारे २,७०० तुकडे जोडलेत. सरासरी पावणेतीन सेकंदांना नवं दृश्य, तरीही कोण कुठे आहे हे एकदाही हरवत नाही.

आता पुढच्या वर्षीचं, २०१६ चं, पंचांग बघा. १७ फेब्रुवारी २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. तिची जागा पुढे ठरली ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. २८ फेब्रुवारीला ‘फ्युरी रोड’ला सहा ऑस्कर मिळाले, सिक्सेलचं संकलनासाठीचं त्यात आलंच. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमाव जमू नये म्हणून १४४ कलम लागलं. आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून निघालेली पाणीरेल्वे लातूरला पोचली. एकूण आठ आठवडे. पाण्यावर पहारा बसवणारा राजा पडद्यावर गौरवला जात होता, आणि इकडे मराठवाड्यात तेलवाहू वाघिणी वाफेनं धुऊन त्यांत पिण्याचं पाणी भरलं जात होतं.

त्या रेल्वेचा हिशोब मांडू. मिरज ते लातूर ३४२ किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, २५ लाख लिटरची. ऑगस्टपर्यंत १११ फेऱ्या झाल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी लातूरला मिळालं. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सुमारे पाच लाखांचं शहर त्यांनी जागेवर टिकवून धरलं.

आता हेच २६ कोटी लिटर पावसाच्या भाषेत मांडतो, आणि इथे माझी मती गुंग होते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की दहा हजार लिटर पाणी पडतं. एक मिलिमीटर म्हणजे अंगणातली धूळ बसावी एवढी भुरभुर. तेवढ्यात हेक्टराला एक टँकर झाला. हिंगोली जिल्ह्याची पावसाळ्यातली सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका एकरावर एका पावसाळ्यात ३२ लाख लिटर, पन्नास वाघिणींच्या सव्वा गाडीपेक्षा जास्त. साध्या एका एकराची ही गोष्ट, ज्याच्यावर कुणी तरी सोयाबीन पेरलंय. या दरानं पाणीरेल्वेच्या सगळ्या १११ फेऱ्यांचं पाणी किती जमिनीवर पडतं? ऐंशी एकरांवर. काही शेतकऱ्यांची शिवारं एकत्र केली, की झाली ऐंशी एकर.

सरासरीचं वर्ष कशाला धरता, दुष्काळाचं धरा, असं कुणी म्हणेल. धरू. २०१५ मध्ये मराठवाड्यात सरासरीच्या साधारण साठ टक्के पाऊस झाला. हिंगोलीच्या ८०० चे साठ टक्के म्हणजे ४८० मिलिमीटर. त्या हिशोबानं ऐंशीचे १३४ एकर होतात. आकडा वाढला, पण एका गावच्या शिवाराबाहेर अजून गेला नाही.

मॅक्सच्या मुलखाशी तुलना केली तर? दुसरा भाग चित्रित झाला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावाजवळ. तिथं वर्षाला सरासरी पाऊस पडतो २५० मिलिमीटर. जगबुडीनंतरचं जग म्हणून अख्ख्या दुनियेनं जो उजाड माळ डोळ्यांत साठवला, त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस आपल्याकडे साठ टक्क्यांच्या वर्षातही पडतो. ‘फ्युरी रोड’ही तिथंच व्हायचा होता. पण दुष्काळ मोडून असा पाऊस आला, की लाल माती फुलांनी झाकून गेली आणि सगळा पसारा नामिबियाला हलवावा लागला. हिंगोलीत तर दर मृगानंतर असं हिरवं होतं.

मग पाणी जातं कुठं? काही काळ्या मातीत मुरतं आणि पिकं ते उचलतात. काही उन्हानं उडतं. खालचा काळा कातळ फारसं आत घेत नाही, म्हणून बाकीचं उतारावरून कयाधूला, पूर्णेला, पैनगंगेला जातं आणि तिथून धरणांत. या धरणांचे आकडे पाहिले की चित्रपटवाल्यांचे ४८० तास आणि दीडशे गाड्या फारच लहान वाटू लागतात. पाटबंधारेवाले पाणी दलघमीत मोजतात. एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, शंभर कोटी लिटर. पाणीरेल्वेची सारी मेहनत म्हणजे पाव दलघमीच्या किंचित वर. कळमनुरी तालुक्याच्या सीमेवर पैनगंगेवरचं इसापूर धरण भरलं, की त्यात उपयुक्त साठा असतो ९६४ दलघमी. पंचवीस लाख लिटरच्या गाड्या भरायच्या ठरवल्या, तर ३ लाख ८५ हजार ६०० गाड्या. रोज एक गाडी सोडली, तर १,०५६ वर्षं. औंढ्याचं नागनाथाचं यादवकाळातलं देऊळ बांधायला घेण्याच्या कितीतरी आधी पहिली गाडी सुटली असती आणि आजही शेवटची सुटायची राहिली असती.

पिण्याच्या पाण्याचं गणित आणखी बोलकं आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५. प्रत्येकाला रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला २३.६ दलघमी लागतात. भरलेलं इसापूर साऱ्या जिल्ह्याला चाळीस वर्षं पाजू शकतं. पूर्णेवर, परभणीच्या हद्दीत येलदरी आहे, सुमारे ८१० दलघमीचं. ते चौतीस वर्षं. त्याच्या खालचं, औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर तुलनेनं छोटं, ८१ दलघमीचं, तरी ते एकटं तीन वर्षं पुरून उरेल.

अर्थात धरणं दरवर्षी भरत नाहीत. बाष्पीभवन त्यांचा मोठा वाटा खातं, आणि त्या पाण्यावर नांदेड, परभणी, यवतमाळचाही हक्क आहे. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यातल्या धरणांचा एकत्रित साठा पाच टक्क्यांच्याही खाली होता. पण ते पाणी गेलं कशावर, हे आधी विचारावं लागतं. उसाला मोकाट पद्धतीनं पाटपाणी दिलं, तर हेक्टरी दोन-अडीच कोटी लिटर लागतात. पाणीरेल्वेचे सगळे २६ कोटी लिटर दहा ते तेरा हेक्टर उसात जिरले असते. एवढा ऊस एखाद्या मोठ्या बागायतदाराकडे एकट्याचा असतो.

औंढ्याजवळच्या त्या वेधशाळेचाही एक आकडा इथे मांडावासा वाटतो. लायगोला काटकोनात दोन नळ लागतात, प्रत्येकी चार किलोमीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचे. त्यांतली हवा काढून टाकायची आणि निर्वात पोकळी वर्षानुवर्षं तशीच राखायची. ती पोकळी भरते सुमारे ९० लाख लिटर, साडेतीन पाणीरेल्वेंएवढी. तिच्यातून धावणारे लेसरचे किरण प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. मॅक्सच्या जगात असलं मोजमाप करणारा कुणी उरलेला नाही, म्हणून तिथं ज्याच्या हातात दांडा तोच राजा. आपल्याकडे इतकं काटेकोर मोजण्याची तयारी होत असेल, तर शिवारात पडलेला पाऊस आणि चारीतून सुटलेलं पाणीही आपण लिटरवार मोजू शकतो, आणि ते मोजलंच पाहिजे, असं मला तळमळीनं वाटतं.

कारण मिलरची गोष्ट पाणी नसण्याची नाहीच. त्याच्या गडाखाली पाणी मुबलक आहे. राजा उंच कड्यावर उभा राहून दांडे ओढतो, तीन तोंडांतून प्रपात कोसळतो, खालची गर्दी भांडी वर धरते आणि काही क्षणांत धार बंद होते. पाण्याची सवय लावून घेऊ नका, असं वर तोच बजावतो. फ्युरिओसा आधी दूरच्या हिरव्या भूमीकडे पळते. ती भूमी केव्हाच नासलेली आहे असं कळतं, तेव्हा मॅक्स नकाशा उलटा धरायला लावतो : पाणी मागेच आहे, जिथून पळालो तिथं. ते परत फिरतात. शेवटी गडावरचे दांडे ओढतात त्या बायका, ज्यांना राजानं फक्त दुधासाठी डांबून ठेवलेलं असतं.

हिंगोलीतले दांडे कुणा एकाच्या हातात नाहीत, हे आपलं मोठं भाग्य. पाणी सोडण्याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. रब्बीत किती पाणीपाळ्या, उन्हाळ्यात किती, हे तिथं ठरतं. लाभक्षेत्रातला शेतकरी नमुना नंबर सातचा अर्ज भरतो, त्यात पीक आणि क्षेत्र लिहितो. आवर्तन सुटलं की धरणाजवळच्यांच्या मोटारी आणि सायफन आधी सुरू होतात, आणि वसमतकडे कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्याचं रान आहे, तो रात्री चारीच्या तोंडाशी बसून असतो. धरणाच्या दारातून किती दलघमी सुटलं याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात येते. टेलच्या चारीत त्यातलं किती पोचलं, हा आकडाही त्याच बातमीत, त्याच ओळीत छापून यायला हवा.