सोवळ्याचा तांबडा आणि संगणकाची वही

श्रावण लागण्यापूर्वी पेणमधल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जावे, तर ओळीने मांडलेल्या मूर्तींपैकी काहींच्या डोळ्यांची आखणी अद्याप व्हायची असते आणि रंगारी एखाद्या तांबड्या सोवळ्याच्या चुण्यांत बारीक कुंचल्याने गडद हात फिरवीत बसलेला असतो. अशाच एका मूर्तीचे छायाचित्र घेऊन त्यातले सोवळे तेवढे वेगळे काढण्याची कामगिरी मी संगणकावर सोपविली, तेव्हा त्याने उजेडातला भाग बिनचूक उचलला आणि चुण्या मात्र परक्या म्हणून गाळल्या.

कसूर माझ्याच मांडणीची होती. छायाचित्रातला प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी नोंदला जातो. प्रत्येक आकडा ० ते २५५, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ मिश्रणे. कॅमेऱ्याला आणि पडद्याला ही वही सोयीची. परंतु सावली पडली की तिन्ही आकडे एकदम घसरतात, आणि आपण ज्याला सहज ‘रंग तोच, उजेड कमी’ म्हणतो, त्याला या वहीत स्वतंत्र रकानाच नसतो. १९७८ साली आल्वी रे स्मिथ यांनी मांडलेली एचएसव्ही पद्धती नेमका तो रकाना पाडते: रंगछटा, संपृक्तता आणि उजळपणा निरनिराळे. त्याबरहुकूम हिशेब केल्यावर चुण्या सोवळ्यात परतल्या.

पण यातही एक गोम आहे. रंगछटा ३६० अंशांच्या वर्तुळावर मोजतात आणि त्या वर्तुळाचा सांधा तांबड्यावरच येतो. गुलाबीकडे झुकलेला तांबडा ३५० अंशांवर, शेंदरीकडे झुकलेला १० अंशांवर. भोळेपणाने सरासरी काढली तर १८० येते, आणि तिथे असतो मोरपिशी! असला मुनीम कोणत्या पेढीवर टिकेल? डोळ्यांच्या काळ्या रेघेत तर अधिकच पंचाईत, कारण शुद्ध काळ्याला रंगछटाच नसते आणि कॅमेऱ्यातला क्षुल्लक गोंधळही तिथे वाटेल तो अंश दाखवितो.

अंगकांतीचा मामला निराळा. दोन मूर्तींचा गुलाबी जुळतो की नाही हे ठरवायचे, तर आकड्यांतले अंतर डोळ्याला भासणाऱ्या अंतराशी शक्यतो मिळते असले पाहिजे; त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ साली मुक्रर केलेली लॅब पद्धती बरी. उलट, रोह्याच्या वाटेवरच्या भातखाचरांत रोप कोठे आणि चिखल कोठे एवढेच पाहायचे असेल, तर ही यातायात कशाला? हिरव्याची दुप्पट करून त्यातून तांबडा आणि निळा वजा करावा, बहुधा काम भागते. लावणीचे रोप आणि बांधावरचे गवत यांतला भेद मात्र त्या वजाबाकीत उतरत नाही.