रातोरात रक्त कुठं गेलं?

माळेगावच्या यात्रेतून आल्यापासून तुमचं नुसतं घोडं-घोडं चाललंय, म्हणून आज घोडीचीच गोष्ट सांगतो. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1972 साली सुरू झालं. तिथून शिकून बाहेर पडलो त्याला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची. मार्गशीर्षातली थंडी होती, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली, नि माळावर घोड्यांचा बाजार भरलेला.

जिंतूरकडच्या एका शेतकऱ्याला एक तांबडी घोडी आवडली. व्यापाऱ्यानं ती माळाच्या टोकापर्यंत भरधाव पळवून आणली. शेतकरी मला म्हणाला, "डाक्टर, हिच्या अंगात रगत किती हाये तेवढं बघून द्या."

मी तिच्या मानेच्या पन्हळीत अंगठा दाबला. शीर फुगली. सुईनं नळीभर रक्त घेतलं आणि नळी जीपच्या बॉनेटवर उभी करून ठेवली. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध असतं. आता इथली गंमत बघा. माणसाचं रक्त असं ठेवलं तर तास तास खाली बसत नाही. घोड्याचं मात्र चहा संपेस्तोवर बसायला लागतं. त्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, चळत जड होते नि झपझप खाली उतरते. वर राहतं ते पिवळं पाणी, अगदी आपल्या करडईच्या तेलासारखं. त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त नळी लाल भरली. मी तिथं पेनानं रेघ मारली. शेतकऱ्यानं खुशीत विसार दिला.

परभणीला तपासायला न्यावं म्हणून पहाटे पुन्हा नळी घेतली. घोडी कडबा चघळत शांत उभी होती. रक्त बसलं, आणि लाल भाग जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर!

शेतकरी भडकला. "रातीतून घोडी बदलली ह्यानं!" व्यापारी खंडोबाची शपथ घेऊ लागला. मी घोडीच्या कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला, गुडघ्याजवळचा जुना वण पाहिला. घोडी तीच होती. मग रातोरात एवढं रक्त गेलं कुठं?

ते पोटातच होतं, बाळांनो. घोड्याच्या पोटात डाव्या अंगाला पाणथरी असते, प्लीहा म्हणतात तिला. आपल्यालाही असते, पण घोड्याची म्हणजे तांबड्या पेशींचं पेवच. चार-पाचशे किलोच्या जनावरात चाळीसेक लिटर रक्त असतं. घोडा निवांत असला की तांबड्या पेशींचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, ह्या पेवात साठून राहतो. जोरात टाच मारली की अंगात अॅड्रेनलिन उसळतं, पाणथरी मुठीसारखी आवळते नि सगळा साठा रक्तात ओतते. निवांतपणी शंभरात 35-40 भाग असलेल्या पेशी भरधाव पळताना 60-65 भागांपर्यंत चढतात. काळीज मिनिटाला 30-40 ठोके देत असतं, ते सव्वादोनशेच्या घरात जातं. एवढा प्राणवायू वाहून नेणारी फौज त्याच्या अंगातच दबा धरून बसलेली असते!

मग ती कायम बाहेरच का ठेवत नाही? कारण पेशी दाटल्या की रक्तही दाट होतं, आणि दाट रक्त ढकलताना काळजाला श्रम पडतात. कडबा खाताना ते श्रम कशाला? निसर्गाचा हा हिशेब मला आजही थक्क करतो.

म्हणून पुण्यात पावसाळ्यात नि मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात पळणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांचं रक्त बघायचं, तर आधी विचारावं लागतं: घोडा निवांत होता का? नुसता बिचकला तरी पाणथरी आवळते. हलगी वाजली तरी पुरे. उलट, नेमून दिलेल्या वेगानं पळवून लगेच रक्त घेतलं, तर दुसरीच गोष्ट वाचता येते. पुरेसा प्राणवायू मिळेना की स्नायू घाईनं साखर वापरतात आणि लॅक्टेट रक्तात उतरतं. निवांतपणी ते एका एककाच्याही खाली असतं, जिवाच्या आकांतानं पळाल्यावर वीस-पंचवीसच्याही वर जातं. महिनोन् महिने मेहनत घेतलेला घोडा त्याच वेगानं पळाला तर ते कमी चढतं. घोडा तयार झाला की नाही, हे त्या आकड्यावर ओळखतात. पळून आलेल्या घोड्याला उभा न करता सावकाश फिरवला की हे लॅक्टेट लवकर ओसरतं. पागेतल्या मोतद्दारांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण दमलेला घोडा ते लगेच दावणीला बांधत नसत. स्नायू दुखावले असतील तर त्यांच्यातली द्रव्यं रक्तात झिरपतात, पण तीही लगेच नाही, चार-सहा तासांनी शिगेला पोचतात. रक्ताला असं वेळेचं गणित असतं, आणि मी त्या संध्याकाळी वेळ विचारलीच नव्हती.

तर माळावर दोघं हमरीतुमरीवर आलेले. मी व्यापाऱ्याला म्हणालो, "आणखी एकदा पळवा." घोडी माळाचं टोक गाठून आली, नाकपुड्या फुललेल्या, पट्ट्याखाली पांढरा फेस. मी लगेच तिसरी नळी घेतली आणि कालच्या रेघेच्या नळीशेजारी उभी केली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पिवळं पाणी वर दिसू लागलं, लाल सरकत सरकत खाली आलं, आणि रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबलं.

शेतकरी काही बोलला नाही. त्यानं भंडाऱ्याची पुडी सोडली, व्यापाऱ्याच्या कपाळाला लावली, मग घोडीच्या. आणि तिला दावणीला न बांधता लगाम धरून माळावर सावकाश फिरवायला लागला.